इंटरनेट कुठे अडले होते



आमची शाळा जिल्हा परिषदेची आहे. मनोर गावात आहे. मस्तान नाक्याकडून हायवेच्या गाड्यांचा आवाज दिवसभर येतो. हा हायवे मुंबईहून अहमदाबादला जातो. पूर्वी आमचा जिल्हा ठाणे होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा झाला. मी त्यानंतर जन्मले, म्हणून मी पहिल्यापासून पालघर जिल्ह्याचीच आहे.

यंदा आमच्या शाळेला नवा संगणक मिळाला. आम्ही त्याला कॉम्प्युटरच म्हणतो, म्हणून मी पुढे तसेच लिहिणार आहे. त्याच आठवड्यात इंटरनेटची लाईनही आली. दोन्ही आले, पण कॉम्प्युटरवर इंटरनेट काही येईना. पाच दिवस आले नाही. ते कुठे अडले होते आणि आम्ही ते कसे शोधले, ते मी लिहिते.

आधी हे सांगते की आम्हाला एवढी घाई का होती. दिवाळी झाल्यावर आमच्या वर्गातली चार मुले आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली. दरवर्षी जातात. भिवंडीच्या बाजूला, वसईच्या बाजूला भट्ट्या आहेत. पाऊस पडायच्या आधी परत येतात. जाताना गुरुजींनी चौघांना शिक्षण हमी पत्रक भरून दिले. त्यात कोणाला काय येते ते लिहिलेले असते. ते दाखवले की तिकडच्या शाळेत बसायला मिळते, आणि आपले नाव इकडच्या पटावरून जात नाही. त्या चौघांत माझ्या बाकावरची मुलगी आहे. तिला सत्तावीसचा पाढा न अडखळता येतो. मला नाही येत. ती गेल्यापासून बाकाची अर्धी बाजू रिकामी आहे. तिथे मी दप्तर ठेवत नाही.

तिकडच्या शाळेच्या बाईंशी गुरुजी फोनवर बोलले. असे ठरले की शनिवारी अकरा वाजता त्या बाई आमच्या चौघांना आपल्या मोबाईलसमोर बसवतील आणि आम्ही सगळे इकडून कॉम्प्युटरवर त्यांना बघायचे. कोणी म्हणेल मोबाईलवर मोबाईल का नाही लावला? आम्ही वर्गात एकतीस आहोत. चौघे गेले, सत्तावीस उरले. सत्तावीस डोकी एका मोबाईलपुढे मावत नाहीत. पुढचे तीन बघतात आणि मागचे ढकलाढकली करतात. ऑफिसात बसायचे म्हटले तर तिथे कपाट आणि खिचडीच्या तांदळाची पोती आहेत. म्हणून वर्गातच कॉम्प्युटर हवा होता.

आता कॉम्प्युटरचे सांगते. सोमवारी दुकानाचा माणूस आला. त्याने खोके उघडले, आणि थर्मोकोल पहिलीच्या मुलांनी पळवला. त्याने कॉम्प्युटर आमच्या वर्गात मांडला. मग ऑफिसापासून वर्गापर्यंत एक लांब निळी वायर टाकली, आणि तो गेला. दुपारी लाईनचा माणूस आला. त्याने खिडकीतून एक बारीक काळी तार आत घेतली आणि ऑफिसात भिंतीवर पांढरी पेटी बसवली. तिला राउटर म्हणतात. त्याने स्वतःच्या मोबाईलवर काहीतरी उघडून बघितले, "चालू आहे," म्हणाला आणि तोही गेला.

कॉम्प्युटरवर मात्र खाली कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्याचे चित्र आले आणि त्यावर फुली. म्हणजे इंटरनेट नाही.

गुरुजींनी दुकानात फोन केला. तो म्हणाला, "आमचा कॉम्प्युटर नवाकोरा आहे, लाईनवाल्याला विचारा." लाईनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आमची लाईन चालू आहे, कॉम्प्युटरवाल्याला विचारा." मंगळवारी परत तेच. बुधवारी परत तेच. दोघेही गोड बोलत होते, पण येत कोणीच नव्हता. गुरुजी म्हणाले, "आता बिघाड कुणाच्या बाजूला आहे, ते आपणच दाखवून द्यायला पाहिजे. नाहीतर शनिवार जाईल."

मी घरी हे मामाला सांगितले. माझा मामा गावात नळाचे पाणी सोडतो. व्हॉल्व फिरवायची लांब चावी त्याच्या खांद्यावर असते. पाणी आले नाही की बायका त्यालाच बोलतात. मामाला कॉम्प्युटर येत नाही. पण तो म्हणाला, "पानी नाय आला, की मी पहिला खोदायला नाय जात. पानी कुठवर आला, ते बघत जायाचा. टाकीत आहे का? आहे. पहिल्या व्हॉल्वला आहे का? आहे. दुसऱ्याला? नाय. मग काय ती भानगड त्या दोघांच्या मधी. बाकीचा रस्ता कशाला उकरायचा?"

मी दुसऱ्या दिवशी हे गुरुजींना सांगितले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक लांब रेघ काढली आणि तिच्यावर टिंबे दिली. रस्त्यावरची लाईन, राउटर, निळी वायर, कॉम्प्युटरचे मागचे भोक, कॉम्प्युटरच्या आतले काम, आणि शेवटी स्क्रीन. म्हणाले, "एकेका टिंबावर पाणी आले का बघायचे. आले तर बरोबरची खूण. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने झाले ते कळत नाही."

त्याआधी सगळ्यांनी एक उपाय सांगितला होता, बंद करून चालू करा. आमच्याकडे टीव्हीला, पंख्याला, सगळ्याला हाच उपाय करतात. गुरुजींनी तोही केला. राउटर बंद केला, आम्ही मोठ्याने तीसपर्यंत आकडे म्हटले, मग चालू केला. काही फरक पडला नाही. पण हा उपाय वेड्यासारखा नाही असे गुरुजी म्हणाले. राउटर बंद होऊन चालू झाला की तो सगळ्यांची नावे नव्याने लिहून घेतो, आणि कधी कधी त्यानेच काम होते.

पहिले टिंब म्हणजे राउटर. त्याच्यावर बारीक दिवे आहेत. विजेचा दिवा हिरवा होता. लाईनचा दिवाही हिरवा होता. एक दिवा लाल लागतो, त्याच्याखाली इंग्रजीत एलओएस लिहिलेले आहे. तो लागला म्हणजे लाईनमधून उजेड येत नाही असे समजायचे. तो विझलेला होता. हा दिवा विझलेला असला म्हणजे चांगले, हे मला गमतीचे वाटले. मग गुरुजींनी राउटरजवळ उभे राहून आपला मोबाईल वायफायला जोडला. पालघरचे हवामान उघडले. म्हणजे टाकीत पाणी होते. लाईनवाला खरे बोलत होता. बरोबरची खूण झाली.

राउटरचे वायफाय वर्गापर्यंत पोचत नाही, मध्ये दोन जाड भिंती आहेत. आणि आमच्या कॉम्प्युटरला वायफाय नाहीच, त्याला वायरच लागते.

दुसरे टिंब वायर. राउटरच्या ज्या भोकात वायर जाते, तिथेही एक टिकलीएवढा दिवा असतो. वायरची दोन्ही टोके नीट बसली आणि दोन्हीकडची यंत्रे चालू असली की तो लागतो. तो लागला नव्हता. कॉम्प्युटरच्या मागे बघायला मी आणि एक मुलगा टेबलाखाली गेलो. तिथलाही दिवा लागला नव्हता. आता दोष राउटरच्या भोकात, वायरमध्ये, नाहीतर कॉम्प्युटरच्या भोकात. तीन जण संशयित.

बाईंनी आपला जुना लॅपटॉप आणला होता. कॉम्प्युटरमधून निळी वायर काढून लॅपटॉपला लावली. दिवा नाही. म्हणजे कॉम्प्युटर सुटला, कारण लॅपटॉपलाही तेच झाले. मग राउटरच्या खोक्यात एक हातभर पिवळी वायर मिळाली होती, ती राउटरच्या त्याच भोकात आणि लॅपटॉपला लावली. टिकली लगेच लुकलुकली! म्हणजे राउटरचे भोकही चांगले. आता एकच राहिला. निळी वायर.

आम्ही सगळे ओरडलो. शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या.

पण वायरमध्ये कुठे? आम्ही ती सगळी चालत बघितली. उंदराने कुरतडली का, दाराखाली चेंगरली का, खिळा लागला का. काही नव्हते. गुरुजींनी आम्हाला टेपने मोजायला लावली. अठरा मीटर चाळीस सेंटिमीटर भरली. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे लांबीचाही दोष नव्हता.

मग गुरुजींनी विज्ञानाच्या पेटीतले भिंग आणले. वायरच्या टोकाला काचेसारखी प्लास्टिकची टोपी असते. तिला एक बारीक जीभ असते, ती टक् करून बसते. टोपीच्या आत आठ तारा दिसतात. मला इथे फार आवडले. तारांचे रंग असे असतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आम्हाला वाटले हिरव्याशेजारी हिरवा पाहिजे. पण तसे नसते, हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते. दोन्ही टोकांना हाच क्रम लागतो. आम्ही तो पाढ्यासारखा पाठ केला आहे. तुम्ही वर्गात कोणालाही विचारा.

वायरच्या आत या तारा दोन दोन मिळून एकमेकींना पिळलेल्या असतात, अशा चार जोड्या. नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या तर बाहेरच्या विजेची खरखर त्यांच्यात शिरते. पिळल्या की दोन्ही तारांवर ती सारखीच पडते आणि दोघींमधला फरक तेवढा घेतला की ती निघून जाते. टेलिफोन काढणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी हे १८८१ साली शोधले, असे गुरुजींनी सांगितले. म्हणजे आमच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरला जी वायर लागते, तिची युक्ती आजीच्या आजीच्या वेळची आहे.

भिंगातून ऑफिसकडचे टोक बघितले. आठही तारा पुढे पितळी पट्ट्यांपर्यंत गेलेल्या. वर्गाकडचे टोक बघितले. एक, दोन, आणि तिसरी तार, पांढरी-हिरवी, मागेच राहिलेली! तांदळाच्या दाण्याएवढी आखूड. पट्टी तिला लागतच नव्हती. आधी ते गुरुजींनी बघितले, मग आम्ही रांगेने सत्तावीस जणांनी बघितले. गुरुजी म्हणाले, साधे काम चालायलासुद्धा पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी तार लागतेच. तिसरी तुटली तर दिवा कसा लागेल?

दुकानाच्या माणसाने ही टोपी घाईत बसवली असणार. आखूड तार बाहेरून दिसत नाही, हे खरे. पण लावून झाल्यावर दिवा लागला का, एवढे तरी बघायचे. माझे मत असे आहे.

गुरुवारी संध्याकाळी गुरुजींनी नाक्यावरून एका दादाला बोलावले. तो दुकानांत कॅमेरे बसवतो. त्यालाही अशाच वायरी लागतात. त्याच्याकडे एक जाड पक्कड होती. त्याने टोपी कापून टाकली, तारा सरळ केल्या, सगळ्यांची टोके एका रेषेत कापली, नवी टोपी घातली आणि पकडीने दाबली. आम्ही रंग मोठ्याने म्हणत होतो. तो म्हणाला, "तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतंय." पाच मिनिटांत झाले. टेबलाखाली टिकली लागली. हिरवी.

आता वाचणाऱ्यांना वाटेल संपले. आम्हालाही तेच वाटले होते. पण शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर कोपऱ्यातली फुली गेलेली, आणि तरी कुठलेच पान उघडत नाही. मोठी पांढरी पाटी येते, इंग्रजीत काहीतरी लिहिलेले आणि वर एक खूण. काही मुले म्हणाली, कॉम्प्युटरच खराब आहे, परत द्या. गुरुजी म्हणाले, "टिंबे संपली नाहीत अजून."

मग त्यांनी एक काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्रे नसतात, नुसती अक्षरे. तिथे एक शब्द लिहिला की कॉम्प्युटर आपला नंबर सांगतो. आमचा आला १९२.१६८.१.७. हा नंबर राउटर देतो. नवीन मूल शाळेत आले की बाई त्याला हजेरी नंबर देतात, तसा. नंबर १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर समजायचे की राउटरने नंबर दिलाच नाही आणि कॉम्प्युटरने आपल्या मनाने एक लावून घेतला. आमचा तसा नव्हता. बरोबरची खूण.

मग हाक मारायची. तिला पिंग म्हणतात. आपण हाक मारायची आणि पलीकडच्याने ओ द्यायची. आधी राउटरला मारली, चार वेळा ओ आली. मग फार लांबच्या एका कॉम्प्युटरला मारली, त्याचा नंबर ८.८.८.८ आहे, लक्षात ठेवायला सोपा. तिथूनही ओ आली, ९ मिलिसेकंदांत. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आमच्या वर्गात नाव घेतल्यावर काही जणांना "हजर" म्हणायला यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. मग नंबर न लिहिता नाव लिहून हाक मारली, तरी ओ आली. म्हणजे नावावरून नंबर शोधायची वहीही बरोबर होती. पाणी अगदी नळापर्यंत आलेले होते, फक्त तोटीतून पडत नव्हते.

गुरुजींनी पांढऱ्या पाटीवरचे इंग्रजी बाईंना वाचायला सांगितले. बाईंनी वाचले, "तुमचे घड्याळ मागे आहे." आम्ही सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले! ते बरोबर होते. बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरचे घड्याळ बघा. त्यात बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि आमच्याकडे अकरा वाजायचे होते. हे तर पुढे होते, मागे नव्हते. तरी बाईंनी वेळ बरोबर केली. पाटी तशीच.

आमच्या वर्गात फळ्यावर वार, दिनांक आणि सुविचार लिहायचे काम या महिन्यात माझ्याकडे आहे. मी सकाळी आल्या आल्या दिनांक लिहिते. म्हणून मला घड्याळापेक्षा त्याच्या खालचा आकडा आधी दिसला. तिथे ०१-०१-२०१९ असे होते. मी म्हटले, "बाई, हे साल बघा." २०१९ साली मी अंगणवाडीतसुद्धा जात नव्हते. कॉम्प्युटर तिथेच उभा होता.

तारीख चुकली म्हणून इंटरनेटचे पान का उघडू नये? मला हे लवकर कळले नाही, गुरुजींनी दोनदा सांगितले. प्रत्येक पानाकडे एक ओळखपत्र असते, की मी खरोखर अमुकच आहे, कोणी तोतया नाही. त्या ओळखपत्रावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते असते, एसटीच्या पासावर असते तसे. कॉम्प्युटर कंडक्टरसारखा पास बघतो. त्याला वाटते आज २०१९ आहे. पास तर यंदाचा. मग तो म्हणतो, हा पास अजून सुरूच झाला नाही, खाली उतरा. कंडक्टर आपले काम चोख करत होता, त्याचे कॅलेंडर तेवढे जुने होते.

बाईंनी साल, महिना, दिवस बरोबर केले. पान उघडले. पहिले पान आम्ही पालघर जिल्ह्याचा नकाशा उघडला. त्यात मनोर सापडले, वैतरणा नदी सापडली, तारापूर आणि बोईसर सापडले. माझे बाबा बोईसरला एमआयडीसीत कामाला जातात, तो रस्ता मी बोटाने दाखवला.

शाळा सुटताना मेन स्विच बंद करतात. शनिवारी सकाळी साडेनवाला कॉम्प्युटर लावला तर परत ०१-०१-२०१९! पण या वेळी कोणी घाबरले नाही. कॉम्प्युटरच्या आत एक चपटा गोल सेल असतो. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. खोके फार दिवस कुठेतरी पडून राहिले असेल, सेल संपला. गुरुजींनी प्लग काढून बाजूचे झाकण उघडले आणि सेल काढला. त्याच्यावर सीआर २०३२ लिहिलेले होते. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. आम्ही पट्टीने मोजले, रुंदी बरोबर आली, जाडी पट्टीवर नीट मोजता येत नाही. तसाच सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. जुना गुरुजींनी लगेच कागदात गुंडाळून कपाटात टाकला, कारण पहिलीची मुले काहीही तोंडात घालतात आणि हा सेल पोटात गेला तर जीवावर बेतते. घरी कोणाकडे असे सेल असतील तर उंच ठेवा.

अकराला पाच मिनिटे होती तेव्हा आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसलो होतो. बाईंनी स्क्रीनच्या वर छोटा कॅमेरा लावला होता. कॉम्प्युटर टिंग टिंग वाजला आणि तिकडच्या बाई दिसल्या. मग बाजूला झाल्या. आमची चौघे दिसली.

आधी कोणीच बोलले नाही. आठवडाभर आम्ही काय बोलायचे ते ठरवले होते, स्वागतगीतसुद्धा बसवले होते. सगळे नुसते बघत राहिले. त्यातला एक मुलगा काळा झालाय आणि त्याचे केस कापलेत. मग मागून कोणीतरी ओरडले, "अरे, तुझा दात पडला!" आणि सगळे एकदम बोलायला लागले. कोणाचेच कळेना. गुरुजींना छडी टेबलावर आपटावी लागली, नुसती आपटली.

त्यांनी सांगितले की तिकडची शाळा भट्टीपासून अर्धा तास चालत आहे. सकाळी उठून ते आधी आईबरोबर विटा उलटायला जातात, मग शाळेत. एकाने सांगितले, तिथे आपल्यासारखीच खिचडी मिळते पण वाटाणे जास्त असतात. माझ्या बाकावरची म्हणाली, "माझ्या जागेवर कोण बसतं?"

मी म्हटले, कोणी नाही. तिला खरे वाटले नसावे. मग बाईंनी कॅमेरा काढून हातात घेतला आणि त्याची वायर पुरेल तेवढा वळवून आमचा बाक दाखवला. एका बाजूला माझे दप्तर, दुसऱ्या बाजूला काही नाही. ती काही बोलली नाही. मग तिने सत्तावीसचा पाढा म्हटला. कोणी सांगितलेही नव्हते. सत्तावीस दाहे दोनशे सत्तर म्हणेपर्यंत चित्र एकदाही अडकले नाही.

बावीस मिनिटे बोललो. तिकडच्या बाईंच्या मोबाईलची बॅटरी संपली, म्हणून थांबलो.

हे सगळे बरोबर चालले होते तोवर मंगळवारी शाळेबाहेर रस्त्याचे खोदकाम सुरू झाले. जेसीबीचा दात लागला आणि आमची बारीक काळी तार तुटली. पण ऑफिसात जाऊन आम्ही राउटर बघितला तर एलओएसचा दिवा लाल! गुरुजींनी फोन करून एवढेच सांगितले, "एलओएस लाल आहे, तार रस्त्यावर तुटली आहे, मी तुटलेली जागा बघतोय." त्यावर "कॉम्प्युटरवाल्याला विचारा" असे काही कोणी म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी माणूस आला.

ती तार तांब्याची नसते. आत केसासारखी काच असते आणि तिच्यातून उजेड जातो, डोळ्यांना न दिसणारा. एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर. काचेच्या अशा धाग्यातून वाकडातिकडा उजेड नेता येतो, यावर पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५० नंतरच्या काळात काम केले. पुढे चार्ल्स काओ यांनी दाखवले की काच खूप शुद्ध केली तर उजेड फार लांब जाईल, त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. भारतात लोकांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचे. आता समुद्राच्या तळातून काचेच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला येतात, आणि तिथून पुढे जमिनीतून, खांबांवरून अशी वाट आमच्या खिडकीपर्यंत येते. एवढ्या लांबून आलेले शेवटी अडले कुठे, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत.

काचेला गाठ मारता येत नाही. आलेल्या माणसाने दोन्ही टोके पुसली, एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरली आणि विजेच्या ठिणगीने वितळवून जोडली. यंत्राच्या स्क्रीनवर ती केसासारखी टोके खांबाएवढी जाड दिसत होती. मामाही बघायला आला होता, कारण पाण्याचा पाईपही तिथेच फुटला होता. त्याचे काम त्याच दिवशी झाले नाही. आमच्या आळीत दोन दिवस पाणी नव्हते.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अकरा वाजता भट्टीवरच्या मुलांशी बोलायचे ठरले आहे. तिसरीचीही दोन मुले आणि दुसरीची एक मुलगी गेली आहे. त्यांच्या भट्टीजवळ कुठली शाळा आहे ते अजून कळले नाही. ज्या पालकांचे भाऊ, बहीण, शेजारी तिकडे असतील, त्यांनी भट्टीचे गाव आणि फोन नंबर ऑफिसात गुरुजींकडे द्यावा. कपाटाला वही बांधली आहे, गुरुजी नसले तर तिच्यात लिहावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी